सपत्नीक यात्रेपासून सहप्रवासापर्यंत

प्रयागच्या त्रिवेणी संगमावर महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र व तमिळ प्रदेशांतून आलेली दांपत्ये वेणीदानाचा विधी करीत आली आहेत. पत्नी पतीची अनुज्ञा मागते. रूढीप्रमाणे पती तिची वेणी घालतो, आणि वेणीच्या टोकाचे दोन-तीन अंगुळे केस कापून ते संगमाच्या पाण्यात सोडले जातात. भर दिवसा, परक्या माणसांच्या देखत, पतीने पत्नीच्या केसांना हात लावणे ज्या समाजात कल्पनेबाहेरचे होते, त्याच समाजाने पुरोहित आणि नावाडी पाहत असताना हे करण्याची मुभा दिली होती. घरापासून शेकडो कोस दूर, तीर्थाच्या ठिकाणी आणि विधीच्या निमित्ताने का होईना, पतिपत्नींना एकमेकांच्या शेजारी उघडपणे बसता येत होते. भारतीय दांपत्यांनी प्रेक्षणीय स्थळे व मोठी शहरे मिळून पाहण्याचा जो इतिहास आहे, त्याचा आरंभ अशा मुभेपासून करावा लागतो.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने यात्रेत पत्नीची उपस्थिती महत्त्वाची होती. संकल्पात ‘सपत्नीक’ हा शब्द उच्चारला जाई. पत्नीवाचून यज्ञ पुरा होत नाही म्हणून रामाला सीतेची सुवर्णप्रतिमा शेजारी ठेवावी लागली, ही उत्तरकांडातील कथा सर्वांना माहीत होती. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांतील विधींची त्यात सविस्तर चर्चा आहे, आणि पुढील काळातील यात्रेकरूंचे पुरोहित त्याच्या आधाराने चालत. या सर्व विचारात पत्नी कोठे उभी राहील, काय करील, कशाचे दान देईल याची चिंता आहे. तिला काय दिसले, ही गोष्ट मात्र त्या विचाराच्या कक्षेत येत नाही. सुवर्णप्रतिमेला डोळे असतात, दृष्टी नसते. यात्रेतील पत्नीचे स्थान पुष्कळदा याहून फारसे वेगळे नव्हते, असे म्हटल्यास ते कठोर वाटेल. परंतु तिच्या पाहण्याची नोंद जवळजवळ नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मराठी प्रवासलेखनातील अव्वल ग्रंथही याला अपवाद नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ मध्ये काकांसह उत्तर हिंदुस्थानात केलेल्या प्रवासाची हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. झाशीचा वेढा, लुटालूट, तीर्थक्षेत्रे यांचे इतके जिवंत वर्णन करणारे दुसरे पुस्तक त्या काळातील मराठीत नाही. पण तो दोन पुरुषांचा प्रवास आहे. भटजींनी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. घरी राहिलेल्यांना प्रवासाचे फळ असे आयते मिळत असे. पुण्याची वाटणी करता येत होती, पाहिलेल्याची वाटणी करणे अवघड होते.

याचे कारण घराच्या रचनेतच होते. वाड्याची ओसरी आणि दिवाणखाना पुरुषांचा, माजघर व स्वयंपाकघर बायकांचे. वडीलधाऱ्यांच्या देखत पतीशी बोलणे हा तरुण सुनेचा उद्धटपणा मानला जाई. तिने पतीचे नाव घ्यायचे नाही आणि त्यानेही तिला हाक मारायची नाही. नाव घेण्याची हौस उखाण्यातून भागवायची. पतिपत्नींचा सहवास रात्रीचा. दिवसाउजेडी दोघांनी एकाच वस्तूकडे पाहावे आणि तिच्याविषयी एकमेकांशी बोलावे, असा प्रसंग वाड्यात येतच नसे. तो यायचा असेल तर दोघांना वाड्याबाहेर पडणे भाग होते.

लोहमार्गाने हे बाहेर पडणे सोपे केले. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे गाडी सुरू झाली, १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला झाला, आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. पायी किंवा बैलगाडीने ज्याला महिने लागत तो प्रवास दिवसांवर आला. शहरांतही पाहण्याजोग्या नव्या वस्तू उभ्या राहत होत्या. मुंबईत राणीचा बाग १८६२ मध्ये व भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले; राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. कलकत्त्यास अलीपूरचे प्राणिसंग्रहालय १८७६ चे, तर लोक ज्याला जादूघर म्हणत त्या वस्तुसंग्रहालयाची चौरंगीवरील इमारत १८७८ मध्ये खुली झाली. ही स्थळे देवळांसारखी नव्हती. तेथे पत्नीला नेण्याची शास्त्राची आज्ञा नव्हती आणि तिच्यासाठी कोणताही विधी नव्हता. तिथे जाऊन करण्यासारखे एकच काम होते, पाहण्याचे. आगगाडीने मात्र पतिपत्नींना पुरते एकत्र आणले नाही. बायकांचा डबा निराळा असल्यामुळे अनेक जोडपी एका गाडीने पण वेगवेगळ्या डब्यांतून प्रवास करीत, आणि मोठ्या स्थानकावर पती खाली उतरून बायकांच्या डब्याच्या खिडकीशी पाणी देऊन येई. काही प्रदर्शनांनी व संग्रहालयांनी स्त्रियांसाठी राखीव दिवस ठेवले, तेही सोयीचे असले तरी जोडप्याला विभागणारेच होते.

या नव्या सहप्रवासाचे एक आरंभीचे उदाहरण बंगालमधून मुंबईकडे येते. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीत प्रवेश मिळवणारे पहिले भारतीय. १८६४ मध्ये विलायतेहून परतल्यावर त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, आणि पत्नी ज्ञानदानंदिनी यांना बरोबर नेण्याचा त्यांनी आग्रह धरला. जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यातून सून उघडपणे चालत बाहेर पडणे अशक्य होते, म्हणून तिला पालखीतून बोटीपर्यंत न्यावे लागले. त्याहून अवघड प्रश्न होता तो कपड्यांचा. अंतःपुरात नेसायचे एकच पातळ वस्त्र घालून परक्यांसमोर जाता येत नव्हते, आणि बंगाली स्त्रीने बाहेर जाताना काय घालावे याचे उत्तर कोणापाशी नव्हते, कारण ती बाहेर जातच नव्हती. एका फ्रेंच शिवणकाराकडून शिवून घेतलेला पोशाख अडचणीचा ठरला. मुंबईत मानकजी करसेटजी यांच्या घरी राहत असताना ज्ञानदानंदिनींनी पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली, तीत फेरबदल केले, आणि झंपर व परकर यांसह नेसायची ती साडी पुढे ब्राह्म कुटुंबांतून बंगालभर पसरली. आज भारतीय स्त्रीचा परंपरागत वेश म्हणून जो ओळखला जातो, त्याच्या घडणीत एका जोडप्याच्या प्रवासाची गरज आहे. सत्येंद्रनाथांची नोकरी पुढेही मुंबई इलाख्यातच झाली आणि त्यांनी या प्रदेशावर ‘बोम्बाई चित्र’ हा बंगाली ग्रंथ लिहिला. पण साडीचा इतिहास त्या ग्रंथापेक्षा लांबवर गेला.

उलट दिशेने, मराठी मुलखातून कलकत्त्यास गेलेल्या एका जोडप्याचा अनुभव तितका सुखाचा नाही. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील नोकर. १८७४ मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा आनंदीबाई नऊ वर्षांच्या होत्या. बदल्यांच्या निमित्ताने हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत १८८१ मध्ये कलकत्त्यास आणि नंतर श्रीरामपूरला पोहोचले. पत्नीला बरोबर घेऊन रस्त्याने फिरायला जाणे हा गोपाळरावांच्या सुधारकी कार्यक्रमाचा भाग होता. कोल्हापुरात लोक टक लावून पाहत. मुंबईत आणि कलकत्त्यात पाहण्यावर भागले नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयात आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगण्यासाठी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले, त्यात रस्त्यावर सोसाव्या लागलेल्या या उपद्रवाचा उल्लेख आहे. तेव्हा त्यांनी अठरावे वर्षही पुरे केले नव्हते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील ब्राह्मण स्त्रियांत बंगालसारखा पडदा नव्हता. त्या देवळात, नदीवर, हळदीकुंकवाला मोकळ्या तोंडाने जात. आक्षेप स्त्रीने रस्त्यावर येण्याला नव्हता, तर पतीच्या बरोबरीने, काही काम नसताना, केवळ फिरण्यासाठी येण्याला होता. चार पावले मागून चालणारी स्त्री ही कुलवधू, शेजारून चालणारी मात्र संशयास्पद. कलकत्त्यात तर भद्र घरातील स्त्री रस्त्यावर दिसतच नसल्यामुळे दिसलेली स्त्री भद्र नव्हे, असा सरळ हिशेब होता. शहर पाहायला निघालेले जोडपे स्वतःच शहराचे प्रेक्षणीय स्थळ होऊन बसे.

आणि तरीही आनंदीबाईंच्या या फिरण्याला सहवास म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. फिरण्याचा निर्णय गोपाळरावांचा, शिकण्याचाही त्यांचाच. अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या पत्रात लहानपणी त्यांच्या हातून सोसलेल्या माराची आठवण आनंदीबाईंनी करून दिली होती. लोकांच्या शिव्या खात पतीशेजारी चालणाऱ्या मुलीला माघार घेण्याचे स्वातंत्र्य नव्हते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्या पतीवाचून. त्यांचा सर्वांत मोठा प्रवास त्यांनी एकटीने केला, ही गोष्ट सहप्रवासाच्या इतिहासात नोंदवून ठेवणे न्यायाचे आहे.

तीनच वर्षांनी दुसरे मराठी दांपत्य कलकत्त्यास पोहोचले. सरकारी खर्चात कपात सुचविण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये नेमलेल्या वित्त समितीवर महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली आणि कामानिमित्त त्यांचा कलकत्त्यास दीर्घ मुक्काम पडला. रमाबाई बरोबर होत्या. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरात आल्या, तेव्हा पती बत्तिशीच्या घरात होता आणि विधुरविवाहाच्या बाबतीत स्वतःच्या मतांविरुद्ध वागल्याचा ठपका त्याच्यावर आला होता. पत्नीला शिकवण्याचे काम त्यांनी तत्काळ हाती घेतले. पुण्याच्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही आणि त्याची शिक्षा रमाबाईंना रोज भोगावी लागली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात घरातील हा छळ आहे, आणि त्याच्या शेजारी नाशिक, धुळे येथील बदल्यांचे व रानड्यांच्या फिरतीचे दिवस आहेत. दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली काम करताना रानड्यांना गावोगाव फिरावे लागे. त्या फिरतीत, पुण्याच्या माजघरापासून दूर, त्या दोघांना एकमेकांशी बोलायला सवड मिळाली. पुस्तक वाचताना पुण्याचे आणि परगावचे असे दोन निरनिराळे संसार दिसतात. माणसे मात्र तीच आहेत.

कलकत्त्याच्या मुक्कामातील एक प्रसंग मराठी वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. आपण बंगालात राहतो आणि बंगाली आपल्याला येत नाही, हे रानड्यांना लाजिरवाणे वाटले. त्यांनी बंगाली पुस्तके आणवली आणि अभ्यास सुरू केला. एके दिवशी रमाबाईंना दिसले, की न्हावी हजामत करीत आहे, पती मोठ्याने बंगाली वाचत आहेत आणि न्हावी त्यांचे उच्चार सुधारत आहे. रमाबाईंना हसू आवरेना. पुढे रानड्यांनी स्वतः शिकलेले बंगाली पत्नीला शिकवले, आणि त्या ते वाचू लागल्या.

मोठे शहर पाहण्याची ही रीत विलक्षण आहे. कलकत्त्याला त्या वेळी किल्ला होता, मैदान होते, जादूघर होते, गव्हर्नर-जनरलचा प्रासाद होता. परंतु आठवणींतून मनात राहतो तो न्हावी. न्यायाधीश पती भाषा शिकायला एका न्हाव्यापुढे मान वाकवतो आणि पत्नी दारात उभी राहून ते पाहते. तिला हसण्याची मोकळीक असते. पुण्याच्या घरात हा प्रसंग घडला नसता, घडता तरी तिने तो दारात उभे राहून पाहिला नसता. इमारतींची वर्णने करणारे पुष्कळ निघाले. परक्या शहरात पती कसा दिसतो हे लिहिणारी स्त्री मराठीत यापूर्वी झाली नव्हती, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

सहप्रवासाची किंमत काही वेळा तिसऱ्याच व्यक्तीने चुकती केली. कृष्णभाविनी दास १८८२ मध्ये पतीबरोबर इंग्लंडला गेल्या. त्यांचे ‘इंग्लंडे बंगमहिला’ हे पुस्तक १८८५ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय कलकत्त्यास छापले गेले. लंडनचे रस्ते, दुकाने, घरे, स्त्रियांचे शिक्षण यांविषयी त्यात मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांची लहान मुलगी मात्र मागे राहिली आणि सासरच्या मंडळींनी तिचा बालविवाह लावून दिला. पुस्तकात स्त्रीस्वातंत्र्याची ओढ वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही.

समसमान सहप्रवासाच्या जवळ जाणारे दांपत्य म्हणजे जगदीशचंद्र आणि अबला बसू. अबला यांनी विवाहापूर्वी मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, कारण कलकत्त्यात तेव्हा मुलींना ते दार बंद होते. १८८७ मध्ये विवाह झाल्यावर सुट्टी आली की ऐतिहासिक स्थळे पाहायला निघायचे, हा त्या दोघांचा परिपाठ होऊन बसला. जगदीशचंद्रांना छायाचित्रणाचा नाद होता आणि ते अवजड कॅमेरा बरोबर नेत. अबला लिहीत. १८९५ मध्ये निघालेल्या ‘मुकुल’ या मुलांच्या मासिकात काश्मीरपासून युरोपपर्यंतच्या प्रवासांवर त्यांनी सोप्या बंगालीत लेख दिले. ऑक्टोबर १९०४ मध्ये भगिनी निवेदिता, रवींद्रनाथ ठाकूर, यदुनाथ सरकार यांच्यासह हे दांपत्य बोधगयेला गेले होते. १९१० मध्ये निवेदितांबरोबर केदार-बद्रीची वाट त्यांनी चालली. दोघेही ब्राह्म समाजाचे. मूर्तिपूजा न मानणाऱ्या जोडप्याने केदारनाथला जावे, ही यात्राही नव्हे आणि आजच्या अर्थाने सहलही नव्हे. वेणीदान करणाऱ्या दांपत्याला विधीने जोडले होते. या दोघांना जोडणारी गोष्ट कुतूहल होती.

१९०९-१० च्या हिवाळ्यात बसू दांपत्य आणि निवेदिता अजिंठ्याला आले. लेडी हेरिंगहॅम त्या वेळी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होत्या आणि नंदलाल बसू, असितकुमार हालदार यांसारखे तरुण चित्रकार त्यांच्या साहाय्याला होते. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे नशीब तोवर चांगले नव्हते. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या स्फटिकप्रासादातील आगीत जळाल्या होत्या. त्या लेण्यांत राजाराण्यांची, प्रेमिकांची आणि प्रासादातल्या युगुलांची जी चित्रे आहेत, ती विरक्त भिक्षूंच्या निवासाच्या भिंतींवर का आली, यावर पंडितांनी बरेच लिहिले आहे. दिव्याच्या उजेडात ती पाहणाऱ्या जोडप्याला या प्रश्नाची अडचण वाटली नसावी. पुढे १९१७ मध्ये जगदीशचंद्रांनी कलकत्त्यास विज्ञानमंदिर उभारले, तेव्हा त्याच्या वास्तुरचनेत प्राचीन भारतीय शिल्पाची छाया आली आणि भिंतीवरील चित्रासाठी नंदलालांना बोलावणे गेले.

या इतिहासात ताजमहालाचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण जोडप्याने पाहण्याचे स्थळ म्हटले की प्रथम तेच डोळ्यांपुढे येते. मुमताजमहल १६३१ मध्ये वारली ती आग्र्याला नव्हे, तर दक्षिणेच्या उंबरठ्यावर, बुऱ्हाणपूरला. शहाजहान खानजहान लोदीच्या बंडाचा बीमोड करण्यासाठी आला होता आणि पत्नी नेहमीप्रमाणे स्वारीत बरोबर होती. चौदाव्या बाळंतपणात तिचा अंत झाला. तापीकाठच्या बागेत तिला प्रथम पुरले, आणि काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. पतीबरोबर सतत प्रवास करणारी स्त्री प्रवासातच मेली, आणि तिच्या थडग्यासमोर देशोदेशीची जोडपी छायाचित्रासाठी उभी राहतात. बुऱ्हाणपूरला मात्र फारसे कोणी जात नाही.

विसाव्या शतकात ही रीत हळूहळू मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली. इंग्रजी कल्पनेचे शब्दशः रूपांतर असलेला ‘मधुचंद्र’ हा शब्द मराठीत रुळला, आणि नवविवाहितांना महाबळेश्वर किंवा माथेरान ही नावे पुरेशी झाली. १९५६ पासून केंद्र सरकारी नोकरांना रजा-प्रवास सवलत मिळू लागली, आणि कुटुंबासह देश पाहणे हा नोकरीच्या नियमावलीचा विषय झाला. जुन्या मराठीत ‘कुटुंब’ या शब्दाचा एक अर्थ पत्नी असाच होता, हे त्या नियमांचे मराठी भाषांतर करणाऱ्यांच्या मनात आले असेल की नाही, कोण जाणे. कन्याकुमारी, दिल्ली, आग्रा, म्हैसूर यांचे फोटो भिंतीवर लागले. पुण्याच्या किंवा प्रयागच्या विधीची जागा एका फोटोने घेतली.

परंतु जोडप्याच्या प्रवासाची ही सगळी कहाणी अर्धी आहे. काशीचे घाट आणि क्षेत्रस्थाने पिढ्यान्‌पिढ्या विधवांनी भरलेली होती. ‘सपत्नीक’ या संकल्पात विधुर पुरुषाला पुनर्विवाह करून परत जागा मिळे. विधवेला ती नसे. वेणीदानाला तिच्याजवळ केसही नसत. रमाबाईंच्या पतीची बहीण विधवा होती आणि ती त्याच घरात राहत होती. सुनेच्या शिक्षणाला तिचा विरोध का झाला असेल, याचा विचार करताना वाचकाने हेही डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही, की फिरतीच्या बैलगाडीत तिच्यासाठी जागा नव्हती.

सहप्रवासाच्या आठवणी लिहिल्या गेल्या त्याही पुष्कळदा सोबत संपल्यावर. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. रमाबाईंनी आठवणी लिहिल्या त्या एकटेपणात, सेवासदनाच्या कामात बुडालेल्या असताना. पुस्तकभर त्या पतीचा उल्लेख नावाने करीत नाहीत. जुन्या रीतीला धरून ‘स्वतः’ असा करतात. आजच्या विद्यार्थ्याला प्रथम हा शब्द अडखळायला लावतो, कारण बोलणारी स्त्री स्वतःविषयी सांगते आहे की पतीविषयी, हे क्षणभर कळत नाही. पती जाऊन नऊ वर्षे झाल्यावर पुस्तक छापले गेले, तेव्हाही शीर्षकातला पहिला शब्द त्यांनी बहुवचनीच ठेवला.